गाऱ्हाणे आणि तक्रार

मराठीत दुखणे सांगावयास शब्दांची वाण नाही. अर्ज, फिर्याद, दाद, तक्रार हे शब्द अरबी-फारसीतून दरबाराच्या वाटेने आले आणि आपल्या चावडीवर कायमचे बसले. त्यांच्या शेजारी घरचा म्हणून एक शब्द आहे, तो म्हणजे गाऱ्हाणे. गाऱ्हाणे देवापुढे घालता येते, आईपुढे घालता येते. त्याला नमुना लागत नाही, तारीख लागत नाही, साक्षीदार लागत नाही. अर्जाला यांपैकी सर्व काही लागते. पण या शब्दांत खरी मौज आहे ती 'तक्रार' या शब्दाची. अरबीत त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, म्हणजे तेच ते पुन्हा होणे किंवा पुन्हा म्हणणे. पुन्हापुन्हा बोलण्यातून वाद होतो, म्हणून उर्दूत त्याला वादाचा अर्थ चिकटला, आणि मराठीत तर त्याचे सरळ गाऱ्हाणेच झाले. मूळ अर्थ आपण विसरून गेलो. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात गाऱ्हाणी ऐकण्याची एक नवी चावडी उभी राहिली आहे, आणि तेथे गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो नेमका हाच की, "हे पुन्हा घडवून दाखवता येईल का?"

ही चावडी म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची दोषनोंद. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. त्यात काही बिघाड आढळला तर तो लिहावयाची वही साऱ्या जगाला उघडी असते. मुदखेडच्या माणसानेही लिहावे आणि हेलसिंकीच्या माणसानेही लिहावे. तत्त्वतः हे फार उदात्त आहे. प्रत्यक्षात असे होते की, नवखा माणूस तेथे जातो, आपल्या परीने चार ओळी लिहितो आणि उत्तरादाखल जी प्रश्नांची माळ त्याच्या गळ्यात पडते ती पाहून बहुधा मुकाट्याने परत फिरतो. त्याचा दोष तसाच राहतो. मागून येणाऱ्या शंभरांनाही तोच बोचतो. हे का व्हावे, आणि याला उपाय कोणता, हे समजून घेण्यास आम्हा मराठवाड्यातील लोकांचा जुना अनुभव थोडासा उपयोगी पडेल असे मला वाटते.

*

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा होता. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. दरबारचा कारभार पूर्वी फारसीत चाले. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. रयत मात्र बोलत होती मराठी, आणि सीमेवर तेलुगू व कानडी. गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत. म्हणजे एखाद्याच्या बांधाचे भांडण तालुक्याला जावयाचे तर त्याला तीन उंबरठे ओलांडावे लागत. बोलणे मराठी, गावचा कागद मोडी आणि वरचा कागद उर्दू. तोही नुसता उर्दू नव्हे, तर कचेरीची उर्दू, जी हैदराबादच्या सामान्य मुसलमानालाही पुरती समजेल अशी खात्री नव्हती.

या तीन उंबरठ्यांमध्ये एक माणूस बसलेला असे. त्याला अर्जीनवीस म्हणत. कचेरीच्या बाहेर सतरंजी किंवा लाकडी पेटी टाकून तो बसे. शेतकरी त्याच्यापुढे उकिडवा बसून सांगू लागे, "मुन्शीजी, औंदा लई पाणी आलं बगा, बांध गेला वाहून, अन् शेजाऱ्यानं नांगर आत घातला. म्या बोललो तर मारायला धावला." अर्जीनवीस म्हणे, "ते राहू द्या. सर्व्हे नंबर सांगा. पट्टा कोणाच्या नावे? बांध कोणत्या महिन्यात गेला?" शेतकऱ्याला जे सर्वांत जास्त लागले होते, ते शेजाऱ्याचे धावून येणे, कागदावर जे हवे होते ते सर्व्हे नंबर. शेवटी वर हुजुरांचे गुणगान, खाली 'फिदवी' म्हणजे आपला चरणसेवक, आणि त्याखाली अंगठा. आपण कशावर अंगठा उठवला हे अंगठेवाल्यास वाचता येत नसे.

अर्जीनविसाने काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. त्याने पैसे घेतले, गाऱ्हाण्यातला जीव काढून घेतला, आणि कधी कधी दोन्ही पक्षांचे अर्ज एकाच लेखणीने लिहिले. पण त्याच्यावाचून ते गाऱ्हाणे गावाची वेस ओलांडूच शकले नसते. तो दुभाष्या होता, आणि दुभाष्याशिवाय दोन जगे एकमेकांशी बोलत नाहीत. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही कारभाराची भाषा ठरली. भाषा बदलली, नमुना राहिला. तहसिलीबाहेर टंकयंत्र घेऊन बसणारा अर्जलेखक आमच्या पिढीनेही पाहिला आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अडचण केवळ भाषेची नसते. सोसणाऱ्याच्या मनात घटनेचा जो क्रम असतो तो, आणि निवारण करणाऱ्याला जो क्रम हवा असतो तो, हे दोन क्रमच निराळे असतात.

*

आता नव्या चावडीकडे वळू. गमतीची गोष्ट अशी की, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ स्वतःच एका न ऐकलेल्या तक्रारीतून जन्माला आली. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. १९८० च्या सुमारास तेथे झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे, आणि यंत्र दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे अडकल्याचे कोणाला कळत नसे. आधीच्या यंत्राला स्टॉलमनने अशी युक्ती करून दिली होती की, कागद अडकताच ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांना निरोप जावा. नव्या यंत्राला तसे करावयाचे तर त्याची मूळ संहिता हवी होती. ती ज्याच्याजवळ होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील माणसाने, गुप्ततेचा करार केल्याचे सांगून, ती देण्यास नकार दिला. दोष दिसत होता, दुरुस्ती ठाऊक होती, हात शिवशिवत होते. दार मात्र बंद. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमनने 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण नवी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर कळवले, आणि त्यातच लोकांना विचारले की, सध्याच्या प्रणालीत तुम्हांला काय आवडते, काय आवडत नाही. राज्यकर्त्याने राज्यारोहणाआधीच अर्ज मागवावेत, तसे हे झाले.

म्हणजे येथे अर्जीनवीस नको होता. कारण अर्ज करणारा आणि अर्ज ऐकणारा एकाच जातीचे होते, दोघेही कारागीर. सुतार सुताराला सांगतो, "बिजागरी घासते," तेव्हा दुभाष्या कशाला? १९९४ मध्ये डेबियन या संघटनेने आपली दोषनोंदवही सुरू केली. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता जगाला खुली केली, आणि त्याच वर्षी त्या कामासाठी टेरी वाईसमन यांनी लिहिलेली 'बगझिला' ही नोंदवही पुढे आली. कोणते सॉफ्टवेअर, त्याचा कोणता भाग, कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, काय केले, काय व्हावयास हवे होते, काय झाले, असे रकाने तिने रूढ केले. हे रकाने कारागिरांनी कारागिरांसाठी आखले होते, हे विसरून चालणार नाही. २००४ नंतर फायरफॉक्स आणि उबुंटू यांच्यामुळे ज्यांनी संहितेची एक ओळही कधी वाचली नव्हती अशी माणसे लाखांनी या गावात राहावयास आली. गाव वाढले, चावडीचा नमुना तोच राहिला.

*

या रकान्यांकडे आणि त्यामागून येणाऱ्या प्रश्नांकडे आता जवळून पाहू; कारण ते निरर्थक नाहीत. आपल्या आयुर्वेदाने रोगी तपासण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत, त्या दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्य रोग्याकडे पाहतो, नाडीला हात लावतो आणि विचारतो. सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा माणूस सहा हजार मैलांवर बसलेला असतो. त्याला तुमचा पडदा दिसत नाही, तुमच्या यंत्राला त्याचा हात लागत नाही. तीन रीतींपैकी त्याच्या हाती एकच उरते, ती म्हणजे प्रश्न. म्हणूनच तो इतके विचारतो. १९९९ मध्ये सायमन टॅथम या इंग्रज सॉफ्टवेअर लेखकाने या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. दोष लिहून कळवण्याचा हेतू एवढाच की, तो बिघाड लेखकाच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर घडावा, हे त्याचे सार. तेथे आपल्या 'तक्रार' शब्दाचा विसरलेला अर्थ परत येतो. जे पुन्हा घडवता येत नाही ते दुरुस्त झाले की नाही, हेही कळत नाही.

परंतु प्रश्न किती अवघड असू शकतात याचीही कल्पना हवी. सॉफ्टवेअर अकस्मात बंद पडले तर 'बॅकट्रेस' मागतात. बंद पडण्याच्या क्षणी आतली कोणती क्रिया कोणत्या क्रियेच्या सांगण्यावरून चालली होती, त्याची ती वंशावळ. नवखा माणूस प्रयासाने ती काढतो, तर तीत नुसते आकडे. कारण वाटपाच्या प्रतीतून आतील भागांची नावे जागा वाचवण्यासाठी काढून टाकलेली असतात. हजेरीपटावरची मुलांची नावे खोडून फक्त अनुक्रमांक ठेवावेत तशी. मग सांगतात की, नावांची पुरवणी बसवा आणि पुन्हा काढा. कधी सांगतात, ताजी संहिता घेऊन स्वतः सॉफ्टवेअर बांधा आणि दोष अजून आहे का ते पाहा. कधी म्हणतात, जुन्या आवृत्तीत नव्हता आणि नव्या आवृत्तीत आहे ना, मग मधल्या बदलांपैकी कोणत्याने तो आणला ते शोधा. यासाठी २००५ मध्ये निघालेल्या गिट या साधनात सुंदर रीत आहे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्ये उघडतो आणि निम्मा भाग सोडून देतो, तसे करीत गेल्यास हजार बदलांतून दोषी बदल दहा चाचण्यांत सापडतो. रीत सुंदर खरी. पण दर चाचणीला सॉफ्टवेअर नव्याने बांधावे लागते. ज्याला फक्त पत्र लिहावयाचे होते, त्याला कागदाची गिरणी चालवावयास सांगितल्यासारखे हे होते.

*

आपल्या मराठीचाच एक दाखला घेऊ. या लेखाच्या शीर्षकात 'गाऱ्हाणे' हा शब्द आहे. त्यातील र ला जी आडवी पापणी आहे ती मराठीची खास मिळकत. हिंदी लिखाणात सहसा ती लागत नाही; आपल्याला मात्र तिच्यावाचून वऱ्हाड लिहिता येत नाही, बिऱ्हाड लिहिता येत नाही, शेतकऱ्याला हाक मारता येत नाही. आणि ती केवळ शोभेची नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजन येतात, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी. पापणी जाऊन डोक्यावर रफार आला की अर्थ बदलला. संगणकावर देवनागरी आली तेव्हा कित्येक वर्षे, कित्येक ठिकाणी, ही पापणी नीट उमटत नसे. म्हणजे गाऱ्हाणे करण्यासारखे काही होते, आणि 'गाऱ्हाणे' हा शब्दच लिहिता येत नव्हता!

आता समजा एखाद्या शिक्षकाने हा दोष कळवला. तो लिहिणार, "र चे अक्षर बरोबर येत नाही." त्याच्या दृष्टीने एवढे पुरे आहे, वर्गातील पोरगा "सर, अक्षर फुटायलंय" एवढेच म्हणतो आणि आपण फळ्याकडे पाहतो. पण दूरच्या माणसाकडून प्रश्न येतात. आपण कोणते संकेतांक टंकले? कोणत्या कीबोर्डने? फॉन्ट कोणता? अक्षरजुळणी करणाऱ्या भागाची आवृत्ती कोणती? प्रश्न रास्त आहेत. युनिकोड या जागतिक सांकेतिक यादीत ऱ हा वर्ण मुळात द्राविडी भाषांतील कठोर र लिहिण्यासाठी ठेवलेला आहे, आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे आपली पापणी असे ठरवले आहे. दुसरी वाट अशी की, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही वाटांनी पडद्यावर अक्षर एकच दिसते, पण यंत्राच्या पोटात ती दोन निराळी लिखाणे असतात; एका रीतीने लिहिलेले 'वऱ्हाड' दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडेलच असे नाही. म्हणजे दोष कीबोर्डचा असू शकतो, फॉन्टचा असू शकतो, जुळणी करणाऱ्याचा असू शकतो, किंवा पत्र लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा. ही चार कामे चार निराळ्या मंडळांची. म्हणून "हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या कचेरीत जा," असे उत्तर येथेही मिळते. मागितलेली माहिती वेळेत न आल्यास नोंद मिटते. फेडोरासारख्या प्रणालीत एका आवृत्तीचे आयुष्य सुमारे तेरा महिने. ते संपले की तिच्यावरच्या उरलेल्या तक्रारी आपोआप बंद होतात. दोष जिवंत असतो. अर्ज निकाली निघालेला असतो.

तरीही मराठीचे काम होत गेले, ही समाधानाची गोष्ट. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्याने दिले. २००८ च्या एप्रिलमध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲ या वर्णाला स्वतःचे स्थान मिळाले. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवावे लागे, आणि काही यंत्रांवर त्या चंद्राखाली ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ उमटे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि पाकळीचा ल, देठाचा श ही रूपे अधिकृत केली, त्यामुळे फॉन्ट घडवणाऱ्याला दाखवावयास एक कागद मिळाला. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड यांत आपली अक्षरे जुळवण्याचे काम एकच मुक्त साधन करते. मूळचे इराणी असलेले बेहदाद एस्फहबोद यांच्या हातून ते वाढले. त्याचे नाव 'हर्फबझ'. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. ज्या फारसी-उर्दूच्या उंबरठ्यावर आमच्या आज्या-पणज्यांची गाऱ्हाणी अडली, तिच्याच शब्दांचे नाव असलेल्या साधनाने आज 'गाऱ्हाणे' हा शब्द बिनचूक उमटावा, हा इतिहासाचा एक प्रसन्न योग म्हणावयास हरकत नाही.

मात्र हे आपोआप घडले नाही. "अक्षर फुटते" या वाक्याचे "अमुक संकेतांकानंतर तमुक संकेतांक आला असता अमुक रूप यावयास हवे, तमुक येते" असे भाषांतर कोणीतरी केले, म्हणून घडले. सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणारे, पुण्या-मुंबईचे फॉन्ट-कारागीर, मोबदल्यावाचून रात्री जागणारे तरुण हे नव्या काळचे अर्जीनवीस होत. फरक इतकाच की, यांनी अर्जाखालचा अंगठा अर्जदाराला वाचून दाखवला.

*

जुन्या अर्जाचा नमुना आणि नव्या दोषनोंदीचा नमुना दिसावयास सारखे असले तरी त्यांचे हेतू भिन्न आहेत. कचेरीचा नमुना बहुधा कचेरीच्या सोयीसाठी होता. रकाना चुकला की अर्ज फेटाळण्यास कारण मिळे. दोषनोंदीचा नमुना न दिसणारे दिसावे म्हणून आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याने तो का विचारला हे सांगितले नाही, तर सोसणाऱ्याच्या लेखी दोन्ही नमुने एकच होतात. "बॅकट्रेस जोडा" या दोन शब्दांत आणि "सर्व्हे नंबर सांगा" या तीन शब्दांत त्याला काही भेद दिसत नाही. उलट बाजूही पाहावयास हवी. उत्तर देणारा पुष्कळदा बिनपगारी असतो, दिवसाची नोकरी करून रात्री वहीवर बसतो, आणि "चालत नाही" एवढेच लिहिलेल्या शेकडो नोंदी त्याच्यापुढे असतात. २००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न कसे विचारावेत यावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातला करडा सूर याच थकव्यातून आला असावा. पण थकव्याचा करडेपणा नवख्याला तुच्छतेसारखा भासतो, आणि तो जो एकदा उठून जातो तो पुन्हा येत नाही.

सुज्ञांनी यावर उपाय काढले आहेत. ग्नोम या प्रकल्पात नोंदी निवडून, अर्जदाराशी बोलून, कारागिरापर्यंत नेणारे स्वयंसेवकांचे पथक तयार झाले. अर्जीनवीस परत आला तो असा. पुष्कळ सॉफ्टवेअर आता बंद पडताच आवश्यक तपशील स्वतःच गोळा करते आणि केवळ परवानगी विचारते. २०१९ नंतर त्या खोडलेल्या नावांची पुरवणी मागणी होताच दुरून आपोआप पुरवण्याची सोय निघाली. या सर्वांचे तत्त्व एकच आहे. जे ओझे यंत्राला किंवा जाणत्याला उचलता येते, ते नवख्याच्या डोक्यावर ठेवू नये.

आणि नवख्याकडेही थोडे काम राहतेच. आमच्या नांदेडकडचे मूल "पोट दुखायलंय" म्हणून रडत येते, तेव्हा आपण त्याला कुठे, केव्हापासून, काय खाल्ले होते, असे विचारतो. आणि चार वेळा विचारल्यावर पाचव्या वेळी ते स्वतःच त्या क्रमाने सांगू लागते. शाळेत आपण मुलांना मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज लिहावयास शिकवतो, नगरपालिकेस पाण्याविषयी तक्रार लिहावयास शिकवतो. पण त्यात भर असतो तो 'माननीय महोदय' आणि 'आपला विश्वासू' यांवर, म्हणजे फिदवीच्या वारशावर. मधला मजकूर कसा असावा हे शिकवावयास हवे. मी काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय झाले, आणि पुन्हा केल्यास पुन्हा तसेच होते का? चार साधी वाक्ये, आपल्या भाषेत. त्यांचे पुढचे भाषांतर करणारा कोणी ना कोणी तालुक्याच्या गावी आता असतो. संगणक शिकलेली पोरे मुदखेडलाही आहेत. त्याने ते करावे, आणि केलेले भाषांतर ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याला वाचून दाखवावे.